डाव, नियम आणि निकाल: द्वंद्वविद्यांच्या तुलनेचा इतिहास

जपानमध्ये १८७६ साली तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि सामुराईंच्या आश्रयावर जगलेली जुजुत्सूची घराणी पोरकी झाली. जुजुत्सू म्हणजे हातात शस्त्र नसताना, किंवा असलेले निसटल्यावर, प्रतिस्पर्ध्याला पाडण्याच्या, त्याचा सांधा मुरगळण्याच्या आणि गळा आवळण्याच्या युक्त्यांची विद्या. ती मुख्यतः ‘काता’ या पद्धतीने, म्हणजे दोघांनी ठरलेल्या क्रमाने डाव करून, शिकवली जाई. जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने अशा दोन घराण्यांत शिक्षण घेऊन १८८२ मध्ये टोकियोतील एका मंदिराच्या आवारात कोदोकान ही संस्था काढली. आपल्या पद्धतीला त्याने ज्यूदो हे नाव दिले, सरावातून आघात आणि जीवघेणे डाव वगळले आणि उरलेल्या डावांसाठी ‘रांदोरी’वर, म्हणजे दोघांनीही पुरा जोर लावून करायच्या मोकळ्या झटापटीवर, भर दिला. महाराष्ट्रातील तालमीत रोज होणाऱ्या सरावाच्या कुस्तीशी या रांदोरीचे नाते सहज जुळते.

पुढे टोकियो पोलिसांच्या पुढाकाराने झालेल्या लढतींत कोदोकानच्या शिष्यांनी जुन्या घराण्यांच्या मल्लांवर सरशी मिळवली आणि ज्यूदोचा बोलबाला झाला. प्राणघातक म्हणून मिरवणारे डाव पाठ असलेले लोक ते डाव वगळणाऱ्यांकडून हरले, हे वरकरणी उफराटे वाटते. परंतु ज्या डावाचा प्रयोग जिवंत, विरोध करणाऱ्या माणसावर कधीच करता येत नाही, तो ऐन वेळी हाताशी येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोणती युद्धकला खऱ्या मारामारीत अधिक परिणामकारक, या वादाचा पुढील शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर बहुतेक निकालांची उकल दोनच गोष्टींत सापडते: सराव किती खरा होता, आणि हार कशाला म्हणायचे हे कोणी ठरवले होते.

दुसऱ्या गोष्टीचे ठळक उदाहरण १९१० साली लंडनमध्ये घडले. गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची कुस्ती ‘कॅच’ पद्धतीने ठरली होती. तीत प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकवले की विजय मिळे. गामाने त्याला लगेच खाली घेतले, पण झिबिस्को पोटावर पडून जमिनीला जो चिकटला तो सुमारे अडीच तास तसाच राहिला आणि कुस्ती अनिर्णित सुटली. खांदे टेकल्याशिवाय हार नाही या नियमात पालथे पडणे हाच सर्वांत सुरक्षित बचाव होता. गळा आवळण्याची मुभा असती तर पाठ उघडी टाकण्यासारखी घोडचूक दुसरी नव्हती. आठवड्यानंतर ठरलेल्या फेरलढतीला झिबिस्को आलाच नाही, आणि १९२८ मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले.

सराव खरा असेल तर तो एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत किती उतरतो, याचा पुरावा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मिळतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तांबड्या मातीत घडलेले, तरी मॅटवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. त्याच वजनगटात सुवर्णपदक मिळवणारा जपानचा शोहाची इशी हा मूळचा ज्यूदोपटू होता आणि महायुद्धानंतर ज्यूदोवर निर्बंध आल्याने कुस्तीकडे वळला होता. दोघांनीही आपली मूळ पद्धत बाजूला ठेवली होती, पण पुऱ्या विरोधाखाली पकड शोधण्याची अंगात मुरलेली सवय मात्र बरोबर आणली होती.

याच सुमारास ज्यूदोची एक शाखा ब्राझीलमध्ये वेगळ्या वाटेने वाढत होती. कोदोकानचा मित्सुयो माएदा अमेरिका व युरोपात इनामी लढती करत १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि बेलेम शहरात स्थायिक झाला. त्याची विद्या ग्रेसी कुटुंबातील कार्लोसपर्यंत आली, आणि कार्लोसचा अंगाने किरकोळ धाकटा भाऊ हेलियो याने जमिनीवर पाठ टेकूनही लढत राहण्याचे तंत्र विशेष घोटले. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये हेलियोसमोर जपानचा अव्वल ज्यूदोपटू मासाहिको किमुरा उभा राहिला. उचलून आपटण्याला किंवा खाली दाबून धरण्याला गुण नव्हते. प्रतिस्पर्ध्याने हार मानली किंवा त्याची शुद्ध हरपली तरच निकाल लागणार होता. कोदोकानच्या नियमांत पहिल्या स्वच्छ फेकीलाच लढत संपली असती, येथे मात्र किमुराने हेलियोला वारंवार फेकले तरी ती चालूच राहिली. दुसऱ्या फेरीत किमुराने त्याला पाडून त्याचा हात कोपरात दुमडला, आपल्या दोन्ही हातांच्या कैचीत मनगट धरले आणि तो हात पाठीमागे नेत खांदा उलटा पिळला. हेलियोने तरीही हार मानली नाही, तेव्हा कार्लोसने टॉवेल टाकला. किमुरा वजनाने बराच जास्त होता, हे येथे नोंदवले पाहिजे. ग्रेसी घराण्याची जिद्द अशी की ज्या पकडीने आपण हरलो तिला त्यांनी ‘किमुरा’ हेच नाव दिले आणि ती आपल्या शिष्यांना शिकवली.

१९७६ मध्ये टोकियोत झालेली मुष्टियोद्धा मुहम्मद अली आणि जपानी कुस्तीगीर अँटोनियो इनोकी यांची बरोबरीत सुटलेली लढत या इतिहासात फारसे काही सिद्ध करत नाही. पंधरापैकी बहुतेक फेऱ्या इनोकीने जमिनीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारण्यात घालवल्या. निर्णायक प्रयोग १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हरमध्ये झाला. हेलियोचा मुलगा रोरियन याच्या पुढाकाराने भरलेल्या पहिल्या ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’मध्ये आठ लढवय्ये एका रात्रीत बाद फेरीने लढले, वजनगट नव्हते, गुण देणारे पंच नव्हते. पहिल्याच लढतीत डच किकबॉक्सर जेरार्ड गोर्डोने सुमो मल्ल टेला टुलीच्या तोंडावर लाथ मारून दात पाडला. एक मुष्टियोद्धा एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला आणि रॉयस ग्रेसीच्या अंगाखाली सापडताच, एकही खरा ठोसा न मारता, हरला. रोरियनचा धाकटा भाऊ रॉयस तिन्ही लढती मिळून सुमारे पाच मिनिटांत विजेता झाला; अंतिम लढतीत त्याने गोर्डोच्या पाठीवर ताबा घेऊन मागून गळा आवळला.

या निकालाने जगभरच्या कराटे वर्गांत खळबळ उडाली. मात्र मैदान, नियम आणि प्रतिस्पर्धी ज्यांच्या पसंतीचे होते त्याच घराण्याचा मल्ल जिंकला, हे विसरून चालत नाही. मुख्यतः जमिनीवरच्या कलेचा गंधही नसलेल्यांवर मिळालेला तो विजय होता आणि तो खरा असला तरी कायमचा नव्हता. काही वर्षांतच अमेरिकन कुस्तीगीरांनी पाडून वरून ठोसे मारण्याचे तंत्र आणले. त्यांच्यातील अग्रणी मार्क कोलमन १९९७ मध्ये किकबॉक्सर मॉरिस स्मिथकडून हरला, कारण स्मिथ तोवर खाली पडल्यावर तग धरायला शिकला होता आणि दमलेल्या कोलमनला अंगावर घेत त्याने वेळ काढला. एका कलेचा प्रतिनिधी म्हणून उतरणारा लढवय्या येथून दुर्मीळ होत गेला.

ग्रेसींनी आपले नियम पुन्हा एकदा मागून घेतले ते मे २००० मध्ये टोकियो डोममध्ये, रॉयस आणि काझुशी साकुराबा यांच्या लढतीसाठी: फेऱ्यांची संख्या अमर्याद, पंचाला लढत थांबवण्याचा अधिकार नाही, गुणांवर निकाल नाही. महाराष्ट्रातील जुन्या मैदानांवर जिला ‘निकाली कुस्ती’ म्हणत, तिच्याशी जुळणारीच ही मागणी होती. साकुराबा महाविद्यालयात फ्रीस्टाइल कुस्ती खेळलेला आणि पुढे इंग्लंडमधील विगन गावच्या कॅच परंपरेतील बिली रॉबिन्सन या वस्तादाकडून पकडी शिकलेला होता. पंधरा-पंधरा मिनिटांच्या सहा फेऱ्या झाल्या. पायांवर बसलेल्या लाथांमुळे रॉयसला उभे राहणे अवघड झाले आणि सातव्या फेरीला तो उतरू शकला नाही.