परळच्या दोन खोल्या आणि दादरचं राजगृह

गेल्या आठवड्यात मुंबईला होतो, लालबागला मावसभावाकडं. एक दिवस मोकळा मिळाला म्हणून जुनी घरं बघत हिंडलो. सकाळी गिरगावात खोताची वाडी. लाकडी जिने, रंगवलेले व्हरांडे, आणि त्यांच्यापुढं उभं राहून फोटो काढणारी पोरं. वाडी देखणी आहे, वाद नाही. पण मला खरं बघायचं होतं ते परळला.

पोयबावडीची बीआयटी चाळ. चाळ क्रमांक 1, दुसरा मजला, खोली 50 आणि 51. डॉ. आंबेडकरांचं घर 1912 ते 1934 इथं होतं. मधली काही वर्षं ते न्यूयॉर्क-लंडनला शिकत होते, पण संसार इथंच. 1920 ला 'मूकनायक' निघाला तेव्हा पत्ता हाच. 1927 चं महाड झालं तेव्हाही हाच. राजरत्न हा मुलगा 1926 मध्ये गेला, रमाबाईंनी ते दुःख काढलं ते याच घरात. लंडनच्या गोलमेज परिषदेत बोलून आलेला माणूस हाच जिना चढून घरी आला. पुस्तकात वाचताना हे सगळं कुठंतरी ऐसपैस जागेत घडल्यासारखं वाटतं. गॅलरीत उभं राहिलं की कळतं, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं.

आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. रामजी सकपाळ मूळचे आपल्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, निवृत्तीनंतर काही वर्षं आपल्या दापोलीत राहिलेले. परळ-लालबागच्या खोल्यांत आपल्याकडची किती गावं राहून गेली याचा हिशोब नाही. गावकीच्या खोलीत वळकटी टाकून नोकरी शोधलेली माणसं आजही घरोघरी आहेत.

या चाळी बांधल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं, तेच बीआयटी. 1896 ला मुंबईत प्लेग आला, दाट वस्त्यांत माणसं पटापट मेली, म्हणून 1898 ला सरकारनं ट्रस्ट काढला. त्यानं कामकरी माणसासाठी चाळी उभ्या केल्या आणि पांढरपेशांसाठी दादर-माटुंग्याला रुंद रस्ते नि झाडांसकट प्लॉट पाडले. त्यातलीच दादरची हिंदू कॉलनी. तिथं बाबासाहेबांनी राजगृह बांधलं. नाव मगधाच्या जुन्या राजधानीचं, आणि घर पुस्तकांसाठी. परळहून चालत पाऊण तासही लागत नाही. मधल्या रस्त्याला आज बाबासाहेबांचंच नाव आहे. ते अंतर कापायला त्यांना बावीस वर्षं लागली. रमाबाईंना तर नवं घर फार थोडे दिवस लाभलं, 27 मे 1935 ला त्या तिथंच गेल्या. 1956 च्या डिसेंबरात दिल्लीहून आणलेलं बाबासाहेबांचं पार्थिवही आधी राजगृहावरच ठेवलं होतं.

राजगृहाच्या तळमजल्यावर संग्रहालय आहे. 7 जुलै 2020 ला तिथं तोडफोड झाली तेव्हा राज्यभर लोक भडकले, योग्यच होतं ते. चाळीचं मात्र तसं नाही. स्मारकाच्या घोषणा झाल्यात, पण चाळीत माणसं राहतात. दारात चपला, दोरीवर कपडे, पाण्याची पिंपं. आपण घटकाभर बघायला जाणार आणि त्यांनी कायम तसंच राहायचं, हे मला पटत नाही. त्यांना चांगली घरं मिळालीच पाहिजेत. फक्त त्या दोन खोल्या, तो जिना आणि पुढची गॅलरी जागच्या जागी राहिली पाहिजे. टॉवरच्या लॉबीत फोटो आणि पाटी लावून भागणार नाही. जवळच्याच दामोदर हॉलचं बघा. 1924 ला बहिष्कृत हितकारिणी सभेची बैठक भरली ती तिथं. त्या जागेवरचं दामोदर नाट्यगृह 2023 मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं, नाटकवाले ओरडले. या सभेची आठवण कुणी काढलेली माझ्या तरी वाचनात नाही.

चैत्यभूमीला जाणार असाल तर एखादा तास परळसाठी ठेवा. वर गेलात तर हळू बोला, लोकांच्या दारात व्हिडिओ काढू नका. आणि आपल्या भागातली कुणाची माणसं बीआयटी चाळीत राहिलेली असतील तर मला कळवा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, कोणतं साल, कितवा मजला, एका खोलीत किती जण. मी लिहून ठेवतोय.