सामुदायिक तापनातील खोलीनिहाय स्मार्ट नियंत्रण

सामुदायिक तापनातील खोलीनिहाय स्मार्ट नियंत्रण म्हणजे मध्यवर्ती केंद्रातून गरम पाणी मिळणाऱ्या घरात प्रत्येक खोलीचे तापमान स्वतंत्रपणे व वेळापत्रकानुसार राखणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था होय. थंड हवामानाच्या युरोपीय देशांत एका इमारतीला किंवा संपूर्ण वस्तीला अशी सामाईक उष्णता पुरवली जाते. डेन्मार्कमधील सुमारे दोन-तृतीयांश घरे अशा उष्णता जाळ्यांशी जोडलेली आहेत. या घरांत स्वतःचा बॉयलर नसल्यामुळे बॉयलरसाठी बनवलेले प्रत्येक स्मार्ट उपकरण तेथे उपयोगी पडतेच असे नाही.

रचना

ब्रिटनमधील नव्या इमारतींत साधारणपणे प्रत्येक सदनिकेत एक उष्णता जोडणी संच बसवलेला असतो. त्यात उष्णता विनिमयक, नियंत्रक झडपा आणि उष्णता मीटर असतात. मीटर पाण्याचा प्रवाह आणि येणाऱ्या व परतणाऱ्या पाण्याच्या तापमानांतील फरक यांवरून वापरलेली उष्णता मोजतो. हा संच बहुधा पुरवठादाराच्या किंवा इमारतमालकाच्या मालकीचा असतो. त्यामुळे त्याच्या तारजोडणीत बदल करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते.

जुन्या इमारतींत उभ्या नळांची मांडणी आढळते. तीत एकाच घरातील निरनिराळे रेडिएटर निरनिराळ्या नळांना जोडलेले असतात. अशा घरात एकच मीटर बसवता येत नाही. म्हणून जर्मनीत प्रत्येक रेडिएटरवर उष्णता-खर्च विभाजक लावण्याची पद्धत रूढ आहे.

नियंत्रणाचे प्रकार

रेडिएटरवरील तापनियंत्रक झडपेचा शोध डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ मध्ये लावला. स्मार्ट झडपेत मेण किंवा द्रव भरलेल्या संवेदकाऐवजी बॅटरीवर चालणारी लहान मोटर झडपेची पिन पुढेमागे करते. जमिनीखालून तापन असल्यास प्रत्येक खोलीतील थर्मोस्टॅट वितरण नळीवरील त्या खोलीची झडप उघडतो वा बंद करतो.

निवडीचे निकष

* जोडणी : अनेक झडपांना ३० मिमी व्यासाचे व १.५ मिमी अंतराचे आटे असतात. इतर झडपांसाठी जुळणारा अडॅप्टर लागतो. साध्या हाती झडपेवर स्मार्ट डोके बसत नाही. तेथे संपूर्ण झडपच बदलावी लागते व त्यासाठी पाणीपुरवठा बंद करावा लागतो.
* संचाशी समन्वय : संचात पंप असल्यास सर्व झडपा मिटल्यावर पंपही थांबला पाहिजे. म्हणून खोल्यांची मागणी संपताच रिलेद्वारे पंप बंद करणारी प्रणाली योग्य ठरते. ओपनथर्मसारखे बॉयलरशी संवाद साधणारे तंत्र अशा संचात सहसा निरुपयोगी असते.
* एकनळी मांडणी : बगल-नळी नसलेल्या अशा मांडणीत एक झडप मिटल्यास पुढील घराचा पुरवठाही अडतो. तेथे आधी नळव्यवस्थेत बदल करणे आवश्यक असते.
* स्वायत्तता : इंटरनेट खंडित झाले तरी वेळापत्रक चालू राहणे आणि झडप हाताने फिरवता येणे महत्त्वाचे मानले जाते.

देयक व बचत

खर्च सर्व घरांत समान किंवा क्षेत्रफळानुसार वाटला जात असेल, तर उष्णता वाचवणाऱ्या कुटुंबाचे देयक जवळपास तेवढेच राहते. अशा वेळी उपकरणातून सोय मिळते, आर्थिक परतावा मात्र मिळत नाही. जर्मनीतील नियमांनुसार तापनखर्चाचा ५० ते ७० टक्के भाग प्रत्यक्ष वापरानुसार आकारावा लागतो. उरलेला भाग स्थिर असल्याने तेथेही बचतीला मर्यादा पडते. युरोपीय संघात १ जानेवारी २०२७ पर्यंत मोजणीची उपकरणे दूरवाचनक्षम करण्याची तरतूद आहे.

ब्रिटनमध्ये मीटर व देयकाविषयीचे नियम २०१४ मध्ये लागू झाले. घरगुती गॅस व विजेला असलेली दरमर्यादा मात्र उष्णता जाळ्यांना लागू नाही. ऊर्जा अधिनियम २०२३ अन्वये या जाळ्यांचे नियमन ऑफजेमकडे सोपवण्यात आले.

मर्यादा

वापरात नसलेली खोली फार थंड ठेवल्यास भिंतींवर दव साचून बुरशी वाढू शकते. थंड ऋतूत घरातील तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस आहे. वृद्ध व लहान मुलांसाठी याहून अधिक तापमान आवश्यक असू शकते. शेजारच्या सदनिकेतून भिंतीवाटे उष्णता येत असल्याने बंद रेडिएटरची खोलीही काही अंशी उबदार राहते. त्या उष्णतेचा भार शेजाऱ्याच्या देयकावर पडतो. तसेच अनेक घरांनी रात्री तापन बंद करून सकाळी एकाच वेळी सुरू केल्यास केंद्रावरील कमाल मागणी वाढते. त्यामुळे काही जाळ्यांत तापमानात मोठे चढउतार करण्याऐवजी ते स्थिर ठेवण्याचा सल्ला दिला जातो.