मीटरवरच्या ‘ए’ची कुळकथा

पिंपरी-चिंचवडच्या भोसरीत, तळवड्यात कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडला खेटून घरं उभी आहेत. रात्रपाळीत कॉम्प्रेसर घुमू लागला की भिंतीला लावलेल्या हातालाही थरथर कळते. तक्रार होते, मीटर लागतो आणि आकडा मर्यादेत निघू शकतो. कारण मीटर ‘डीबी(ए)’ मोजतो, आणि त्यातल्या ‘ए’चं मूळ अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीत आहे.

तारेतून जाताना संदेश किती क्षीण होतो हे मोजायला बेल कंपनीच्या अभियंत्यांनी १९२० च्या दशकात डेसिबल हे एकक घडवलं. तिथल्याच फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसांच्या कानाला हेडफोन लावून निरनिराळे स्वर १००० हर्ट्झच्या स्वराशी ताडून घेतले. १९३३ साली त्यांचे आलेख छापून आले. आवाज हलका असेल तर खर्ज कानाला फारच कमी जाणवतो. आवाज चढला की हा फरक घटतो. म्हणून १९३६ च्या अमेरिकी मानकात मीटरला खर्ज कमीअधिक गाळणाऱ्या एकाहून अधिक चाळण्या दिल्या. ‘ए’ होती हलक्या आवाजांसाठी. पुढे सोयीपोटी तीच सरसकट सगळ्या आवाजांना लागली.

आपल्याकडे हवा प्रदूषण कायद्यातल्या प्रदूषकांत १९८७ साली आवाजाची भर पडली. २००० च्या नियमांनी औद्योगिक भागाला दिवसा ७५, रात्री ७० आणि निवासी भागाला ५५ व ४५ अशी मर्यादा घातली. एकक डीबी(ए), तेही सरासरीचं.

५० हर्ट्झच्या घुमाऱ्यातून ही चाळणी सुमारे ३० डेसिबल वजा करते. खोलीत ७० डेसिबलचा खर्ज भरलेला असला तरी कागदावर ४० उमटतात, म्हणजे रात्रीच्या मर्यादेच्याही आत. पॉवर प्रेसचं दुखणं आणखी वेगळं. झोपलेल्या लेकराला दचकवतो तो एक ठोका, पण सरासरीत दोन ठोक्यांमधली शांतताही धरली जाते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या ध्वनिप्रदूषणावरच्या २०१६ च्या निकालानंतर ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने राज्यातल्या २७ शहरांत ध्वनिमापन केलं, त्यात पिंपरी-चिंचवडही होतं. अशा मोजणीत ‘ए’शेजारी ‘सी’चा आकडाही लिहिला जावा, असं मला मनापासून वाटतं. ‘सी’ची चाळणी खर्ज फारसा गाळत नाही आणि कित्येक मीटरांवर ती असतेच. दोन्ही आकड्यांत १० डेसिबलहून जास्त तफावत आली तर आवाजाची कंप्रतेनुसार फोड करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सुचवलं आहे. भोसरी-चाकणच्या शेडशेजारच्या घरांत ही तपासणी आधी व्हायला हवी, आणि तीही रात्रपाळी चालू असताना.