लाल कोबा

'कोबा' हा शब्द हल्ली दोनच ठिकाणी ऐकू येतो. कोकणातल्या जुन्या घरांत, आणि मुंबईतल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये, गच्ची गळायला लागली की. गच्चीचा कोबा म्हणजे विटांचे तुकडे, वर सिमेंट, पाण्याला उतार, आणि सगळ्यांत वर फुटक्या पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझेक. ते तुकडे शोभेचे दिसतात, पण पांढरे असल्यामुळे ऊन परतवतात आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाची दुपार जरा सुसह्य करतात. घरातला कोबा म्हणजे सिमेंटची घोटीव जमीन, बहुधा लाल. समुद्रकाठच्या उकाड्यात आणि चार महिन्यांच्या पावसात माणसांनी आपली घरं सजवली कशी, याचा बराचसा इतिहास या एका शब्दात आहे. गेले काही महिने आमच्या घरात या विषयावर फोनाफोनी चालू आहे (ते का, ते पुढे येईलच), म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढावं.

सिमेंट यायच्या आधी कोबा होताच, पण तो चुन्याचा. साध्या घरात मातीची चोपलेली आणि शेणाने सारवलेली जमीन. देवळात, वाड्यात, ऐपत असलेल्याच्या घरात चुना. किनाऱ्यावर चुनखडीचे दगड कमी, शिंपले मात्र हवे तेवढे. ते भाजायचे, विरवायचे, घाणीत वाळूबरोबर मळायचे. चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून, आणि हे काम तो अगदी सावकाश करतो. म्हणून चुन्याचा कोबा थापीने दिवसच्या दिवस ठोकावा लागे. आज कुठल्याही कॉन्ट्रॅक्टरला हे सांगून बघा, तो चहा न घेताच उठेल.

याच चुन्यावर कोकणात आणि गोव्यात एक सुंदर कला उभी राहिली : कावी. काव म्हणजे तांबडी माती. भिंतीला पांढऱ्या चुन्याचा गिलावा करायचा, त्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा पातळ तांबडा थर द्यायचा, तो घोटायचा, आणि ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करायचा. वेली, मोर, देवादिकांचे प्रसंग, सगळं फक्त दोन रंगांत. रंग वरून लावलेला नाही, गिलाव्यातच मुरलेला, त्यामुळे पावसाने धुऊन जाण्याचा प्रश्न येत नाही. माझ्या मते या किनाऱ्यावरच्या सजावटीचा पहिला नियम इथेच ठरला : जे वरून चिकटवलं ते जाईल, जे आत मिसळलं ते राहील.

मग सिमेंट आलं. जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं १८२४ साली, इंग्लंडमध्ये. चुन्याला हवा लागते, सिमेंटला पाणी पुरतं, आणि ते काही तासांत आवळायला लागतं. आपल्याकडे बराच काळ ते बोटीने यायचं. पोरबंदरचा कारखाना १९१४ साली माल काढू लागला आणि देशी सिमेंटची खरी सुरुवात झाली. पुढे कारखाने इतके झाले की एकमेकांच्या किमती पाडून सगळेच बुडायची वेळ आली. त्यातून १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी उभी राहिली. ही मोट बांधण्यासाठी वर्षानुवर्षं खटपट करणारे फ्रामरोझ दिनशॉ त्याच वर्षी, कंपनी प्रत्यक्ष स्थापन होण्याआधीच, वारले.

या कंपन्यांपुढे पेच होता. सिमेंट धरणाला आणि पुलाला ठीक आहे, पण लोकांनी ते घरात का घ्यावं? मुंबईत विसाव्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळी काँक्रीटच्याच होत्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. भक्कम खऱ्या, पण त्या बघून कोणाला 'आपलंही घर असं हवं' असं वाटलं असेल, असं मला वाटत नाही. तेव्हा सिमेंटला देखणं करणं भाग होतं. जाहिराती निघाल्या, पुस्तिका निघाल्या, आणि १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचं प्रदर्शन भरलं.

त्याच सुमारास मरीन ड्राइव्ह, ओव्हल, आणि आपली मराठी माणसं जिथे राहायला गेली ते दादर-माटुंगा-शिवाजी पार्क, इथे आर्ट डेको इमारती उठत होत्या. गोल कोपऱ्यांच्या बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे लांब छज्जे, लाटांच्या आणि सूर्यकिरणांच्या नक्ष्या. हे सगळं कोरीव दगडात करायचं तर खर्च झेपला नसता. सिमेंटात ते साच्याने आणि थापीने होत होतं. छज्जे नुसते नखरे नव्हते. उभं ऊन आणि तिरका पाऊस दोन्ही ते खिडकीबाहेर थोपवायचे. भिंतीला ग्रिट प्लास्टर, म्हणजे बारीक खडी मिसळून केलेला आणि वरचं सिमेंट धुऊन काढून खडी उघडी ठेवलेला खरबरीत गिलावा. रंगवायची गरज नाही, आणि मुंबईच्या पावसात दर दोन-तीन वर्षांनी रंग काढावा न लागणं ही केवढी मोठी सोय, हे सोसायटीचा खजिनदार झाल्याशिवाय कळत नाही. ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या या इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. दादर-माटुंग्याच्या मात्र एकेक करून पाडल्या जात आहेत.

आता पायाखाली बघू. एकोणिसाव्या शतकात श्रीमंत मजले विलायती मिंटन टाइल्सचे असायचे. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या आजही बघायला मिळतात. त्या भाजलेल्या मातीच्या. दरम्यान फ्रान्स-स्पेनकडे वेगळीच युक्ती निघाली होती : सिमेंटची टाइल, जी भट्टीत घालावीच लागत नाही. लोखंडी साच्यात नक्षीची पितळी जाळी ठेवायची. तिच्या एकेका घरात पांढरं सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंग यांचं पातळ मिश्रण ओतायचं. जाळी अलगद उचलायची, मागे कोरडं सिमेंट-वाळू भरायची, प्रेसखाली दाबायचं आणि मग पाण्यात मुरवत ठेवायचं. वरचा रंगीत थर काही मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणून पन्नास वर्षं पाय घासले तरी फूल जात नाही. पुन्हा कावीचाच नियम!

१९२२ साली फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी स्वदेशीच्या भरात भारत टाइल्स सुरू केली. कारखाना कुठे, तर मुंबईच्या समोर उरणला, म्हणजे कोकणच्या उंबरठ्यावर. विलायती टाइलशी टक्कर देणारी देशी टाइल करायची, हा हट्ट. त्या काळच्या मुंबईतल्या जिन्यांवर आणि हॉलमध्ये अशा सिमेंट टाइल्स आजही दिसतात, फक्त खाली बघायची सवय हवी.

त्यानंतर मोझेकचं राज्य आलं. संगमरवराचे तुकडे सिमेंटात, मग मशीन लावून घासणं. माझ्या पिढीच्या बहुतेकांचं बालपण मोझेकवर गेलं आहे. लग्नाआधी किंवा दिवाळीआधी पॉलिशवाला यायचा, आणि ते राखाडी पाणी दाराबाहेर जाऊ नये म्हणून आई पोत्यांचा बांध घालायची.

गावाकडे एवढंही शक्य नव्हतं. तिथे आला लाल कोबा. खाली दगड-खडीचा थर, वर सिमेंट-वाळू, आणि शेवटी सिमेंटात रेड ऑक्साइड मिसळून पातळ थर, गवंड्याने गुडघ्यावर बसून थापीने घोटलेला. लालच का? सिमेंट हे जबरदस्त अल्कली. त्यात वनस्पतींचे रंग टिकत नाहीत, खनिज रंगच लागतात, आणि खनिज रंगांत लोखंडाचा गंज, म्हणजे आयर्न ऑक्साइड, सर्वांत स्वस्त. हिरवा क्रोमियमपासून, तो महाग. शिवाय जांभ्याच्या मुलखात अंगणातून आत येणारं प्रत्येक पाऊल लालच असतं, ते लाल जमिनीवर दिसत नाही, हे घरातल्या बायकांनी ओळखलं असणारच. अखंड सिमेंट वाळताना आक्रसतं आणि तडकतं, म्हणून ओल्या कोब्यात दोरी दाबून चौकटी पाडायच्या. तडा गेलाच तर रेघेतून जावा हा हेतू. दिसायला मात्र फरश्या बसवल्यासारखं. गरिबीतली हौस म्हणा हवं तर, पण हौस खरीच.

हे सिमेंटही सहज मिळत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली जे नियंत्रण आलं ते थोड्याफार खंडाने चार दशकं राहिलं. परमिट, अर्ज, तलाठी, तालुका. सिमेंट वाटपाच्या आरोपांवरून जानेवारी १९८२ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना, अंतुल्यांना, राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच महिन्यात नियंत्रण अंशतः उठलं, आणि १९८९ मध्ये पूर्ण. तेव्हा कोकणातल्या एखाद्या घरात १९६४ सालचा कोबा असेल, तर तो कोणीतरी रांगेत उभं राहून, पोती मोजून, ओटीला पुरतील की माजघरालाही याचा हिशेब करून घातलेला असतो.

आमच्या घरातला १९६४ चाच आहे. आजोबांनी ओटी आणि माजघर केलं, स्वयंपाकघराला पोती पुरली नाहीत, ते पुढे वीस वर्षं सारवलेलंच राहिलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात निम्म्या घराची कौलं उडाली, वासे मोडले, दोन दिवस ओटीवर पाऊस पडत होता. पाणी ओसरल्यावर जमीन जशीच्या तशी होती. छप्पर तेव्हा तात्पुरतं करून घेतलं. आता नीट दुरुस्ती काढली आहे आणि प्रश्न असा आहे, की चुलतभावांचं म्हणणं, सगळंच घर एकदा व्हिट्रिफाइड करून टाकू.

त्यांचं म्हणणं वेडेपणाचं नाही. कोब्याला तीन मोठे तडे आहेत, माजघरात पोपडा निघाला आहे, आणि काकूला आता वाकून पुसणं होत नाही. लाल कोबा घोटणारे गवंडी कमी उरलेत, हेही खरं. पण दादा, दोन गोष्टी सांगतो. व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. जूनच्या सुरुवातीला दमट हवा गार जमिनीला लागते आणि जमिनीला घाम सुटतो, तेव्हा ते सगळं पाणी तिच्यावर तसंच उभं राहतं. काकू त्यावरून घसरली तर पुसायची सोय काय कामाची? कोबाही ओलसर होतो, पण त्यातलं काही पाणी शोषतो, आणि घोटीव असला तरी पायाला धरतो.

दुसरी गोष्ट खाऱ्या हवेची. काँक्रीटमधली सळई सुरक्षित असते ती सिमेंटच्या अल्कलीमुळे. समुद्राचं मीठ आत झिरपलं की ते कवच तुटतं, सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. किनाऱ्यावरच्या स्लॅबचे पोपडे पडतात ते यामुळेच. ओटीच्या कोब्यात सळईच नाही. गंजायला काही नाहीच, म्हणून साठ वर्षं तो निवांत आहे. जो गंज स्लॅबला मारतो, तोच गंज रंग होऊन आमच्या ओटीवर बसला आहे, याची मला मोठी गंमत वाटते.

माझं म्हणणं इतकंच : स्वयंपाकघर आणि न्हाणीघर खुशाल टाइल्सचं करा, तिथे आजोबांची पोती पोचलीच नव्हती. माजघराचा पोपडा काढून तेवढा भाग नव्याने घोटून घेऊ. रंग जुळणार नाही, ठिगळ दिसेल, दिसू दे. काकूसाठी उभ्याने पुसायचा मॉप मी आणतो. ओटीला मात्र हात लावायचा नाही. तडे भरून, खोबरेल तेल आणि मेणाने पुसून घेऊ, गणपतीत सगळे जमलो की एका सकाळचं काम आहे.

एक गवंडी मिळाला आहे, साठीचा, त्याच्या वडिलांनी आसपासच्या बऱ्याच ओट्या केल्या होत्या. तो परवा येऊन बघून गेला. वाकून दोरीच्या रेघेवरून बोट फिरवत म्हणाला, "सुतळी नाही ही, काथ्या वापरलाय." साठ वर्षांपूर्वीच्या नारळाच्या काथ्याचा पीळ अजून जमिनीत दिसतो. आम्ही इतकी वर्षं त्यावर पाट मांडून जेवलो, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

असो. निर्णय व्हायचा आहे. तोवर तुम्हीही आपापल्या जुन्या घरांत जाल तेव्हा जरा खाली बघा, आणि ती जमीन कोणी केली हे विचारून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवर.