पुसता येणारी पाटी

डी.एल.एड.च्या पहिल्या वर्षाला असताना मी एका जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या वर्गावर सराव पाठ घेतला. घटक होता जलचक्र. पाठ टाचणातल्या 'शैक्षणिक साहित्य' या रकान्यात मी मोठ्या अभिमानाने लिहिले होते : लॅपटॉप, प्रोजेक्टर, चित्रफीत. पाठ सुरू होऊन सात-आठ मिनिटे झाली आणि वीज गेली. भिंतीवरचा समुद्र नाहीसा झाला, वाफ वर जायची राहिली ती राहिलीच. काही सोय होते का ते पाहायला मी दारापर्यंत गेले आणि परत वळले, तर एक मुलगी फळ्याजवळ उभी. "बाई, मी काढू का ढग?" तिने ढग काढला, दुसऱ्याने नदी, तिसऱ्याने गावातली विहीर. विहिरीत पाणी येते कुठून, यावर वर्गात वाद झाला आणि तास संपला. निरीक्षक सरांनी वहीत शेरा लिहिला : 'साहित्याला पर्याय योजून ठेवावा.'

शेरा योग्यच होता. पण त्यातला 'पर्याय' हा शब्द डोक्यातून जाईना. प्रोजेक्टर हे खरे साहित्य आणि खडू-फळा हा त्याचा पर्याय, असे आपण कधीपासून मानू लागलो? वर्गातल्या साधनांचा इतिहास मी वाचू लागले तो या एका प्रश्नापायी.

हा इतिहास धुळीपासून सुरू होतो. अक्षरओळखीला आपल्याकडे 'धुळाक्षरे गिरवणे' म्हणत. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, पंतोजींनी अक्षर काढून द्यायचे, मुलाने त्यावरून गिरवायचे. चुकले की हात फिरवला, फळी पुन्हा कोरी. या धूळपाटीला आपण तंत्रज्ञान म्हणत नाही, कारण तिला तार नाही, बटण नाही. पण कागद महाग आणि शिकणारी मुले अनेक, या अडचणीवर काढलेला तो अचूक तोडगा होता. तिचा मोठा गुण असा, की तिच्यावर चुकणे फुकट होते.

या धुळीचा प्रवास विलक्षण आहे. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागातल्या, लष्करी शिपायांच्या अनाथ मुलग्यांसाठी चालवलेल्या आश्रमाचा प्रमुख झाला. तिथे त्याने जवळच्या देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली आणि आपल्या शाळेत तेच करायचे ठरवले. त्याच्या हाताखालचे शिक्षक काही तयार होईनात. तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका मुलाकडे खालचा वर्ग सोपवला. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे, ही त्याची पद्धत तिथे आकाराला आली. १७९७ मध्ये त्याने लंडनमध्ये या प्रयोगावर पुस्तक छापले. बेल आणि जोसेफ लँकेस्टर यांच्या शाळांमधून ही 'मॉनिटर' पद्धत पुढे इंग्लंडभर गेली. वाळूच्या तबकाच्या जोडीला तिथे दगडी पाटीही आली. १८१४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी हिंदुस्थानात पाठवलेल्या खलित्यात, आपल्या देशात उचलली गेलेली ही पद्धत मूळ तिथल्या पंतोजींचीच, अशी कबुली दिली. पुढे मुंबईत नव्या धर्तीच्या शाळा निघाल्या, तेव्हा हीच पद्धत 'इंग्रजी सुधारणा' म्हणून परत आली. आपलीच धूळ, पण परदेशी शिक्का मारून आलेली.

१८२०च्या दशकात मुंबईत शिळाछापावर मराठी शालेय पुस्तके निघू लागली, हे दुसरे मोठे साधन. एकच मजकूर शेकडो मुलांच्या हाती जाऊ लागला. पंतोजींच्या तोंडी असलेले ज्ञान छापील झाले आणि अभ्यासक्रम नावाची गोष्ट शक्य झाली. त्याचबरोबर काय शिकवायचे हे ठरवणारी जागा वर्गातून उठून कचेरीत गेली. नवे साधन काय देते ते लगेच दिसते. ते काय उचलून नेते, हे कळायला वेळ लागतो.

इथपर्यंत वाचून धूळपाटीबद्दल मला फार प्रेम वाटू लागले होते. पण त्या पाटीसमोर बसत होते कोण? बहुतेक ठिकाणी वरच्या आणि व्यापारी जातींची मुले. मुली जवळजवळ नाहीत, अस्पृश्य मानलेल्यांना उंबराही बंद. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. अक्षरे गिरवण्याचे साधन जगाला जुनेच होते. नवे होते ते त्यामागे बसलेले मूल. साधनापेक्षा मोठी क्रांती ही की, ते साधन कोणाच्या हाती दिले.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शिक्षकाबद्दल जे म्हटले, ते माझ्यासारखीने टाचणवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे असे आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला आणि प्रशिक्षित असावा, मुलांच्या घरच्यांत मिसळणारा असावा, वेळप्रसंगी नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरायची लाज त्याला वाटू नये, असे त्यांचे मागणे होते. हत्यार परके न वाटणारा शिक्षक त्यांना हवा होता. आज ते यादी करते, तर तिच्यात की-बोर्डही आला असता असे मला वाटते.

विसाव्या शतकात वर्गात वेगळ्या जातीची साधने आली. धूळपाटी, दगडी पाटी आणि फळा यांच्यावर मूल लिहिते. रेडिओ आणि दूरदर्शन मुलाला ऐकवतात, दाखवतात. यातला सर्वांत भव्य प्रयोग म्हणजे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात चाललेला 'साइट'. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोहोचले. गावातल्या संचाला जाळीची मोठी छत्री जोडलेली असे. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी गावासाठी. या उपग्रहावरूनच हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षणही दिले गेले. वर्ष संपले आणि उधारीचा उपग्रह परत गेला. महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता. आपली पाळी इन्सॅटच्या काळात आली. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, तिथे मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार झाले आणि एका पिढीने ते शाळेतल्या टीव्हीवर पाहिले. २०१७ मध्ये ती संस्था बंद पडली.

१९८४ हेच साल 'क्लास' या केंद्रीय प्रकल्पाचे. त्यातून देशातल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. आणि १९८७ मध्ये, म्हणजे त्यानंतर तीन वर्षांनी, देशाला 'खडू-फळा मोहीम' हाती घ्यावी लागली : प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, फळा आणि अत्यावश्यक साहित्य मिळावे म्हणून. संगणक आधी आणि फळा नंतर! हा क्रम वाचला त्या दिवशी मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. आमच्या वर्गात 'तंत्रज्ञान हवे की नको' असा वादविवाद दरवर्षी रंगतो. इतिहासाने विचारलेला प्रश्न त्याहून साधा आहे : शेवटच्या वर्गात आधी काय पोहोचले पाहिजे?

या कथेत एक माणूस दोनदा भेटतो. 'साइट'च्या काळात अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक प्रा. यशपाल होते. उपग्रहातून शिक्षण कसे द्यावे, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेली माणसे थोडी. याच यशपालांच्या समितीने १९९३ मध्ये दप्तराच्या ओझ्यावर अहवाल दिला आणि सांगितले, की पुस्तकांच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक आहे. माझ्या दृष्टीने या दोन्ही कामांत विसंगती नाही. साधन कोणतेही असो, मुलाला समजले का, हीच त्याची कसोटी.

अगदी अलीकडचे उदाहरण आपल्या सर्वांना माहीत आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे ती कल्पना राज्याने स्वीकारली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांत वाटली. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की ती कल्पना वर्गातून वर गेली. वरून आलेल्या यंत्राचा चालक होणे आणि आपल्या वर्गासाठी साधन घडवणे यांत फरक आहे. तो फरक बेलच्या मद्रासमध्ये होता, आजही आहे.

पुढच्या वर्षी माझ्या हाती पदविका असेल. ज्या शाळेत जाईन तिथे मोठा पडदा असेल किंवा गळके छत, कदाचित दोन्ही. पडदा मला हवाच आहे. समुद्र न पाहिलेल्या मुलाला समुद्र दाखवायला खडू पुरत नाही. पण तो दाखवून झाल्यावर पडदा बंद करून मुलाच्या हाती खडू द्यायचा आहे, कारण चूक करायची आणि पुसायची जागा पडद्यात नाही. मागच्या बाकावरच्या मुलीपर्यंत तो खडू पोहोचला का, हेही रोज पाहायचे आहे.

आता टाचणात 'शैक्षणिक साहित्य' या रकान्याखाली मी पेन्सिलने एक ओळ वाढवते : 'कोण वापरणार?' सरांनी अजून त्यावर शेरा दिलेला नाही. जलचक्राचा पाठ मी पुन्हा घेतला, तेव्हा त्या ओळीपुढे लिहिले होते : 'मुले. सुरुवात विहिरीपासून.'