खुद्री : कृष्णाकाठचा मासा, कावेरीतला पाहुणा

'फाइंडिंग निमो' २००३ साली आला आणि क्लाउनफिश घराघरात पोचला. काचेच्या टाकीतला तो केशरी-पांढरा मासा आता कुणीही ओळखतो. पण आपल्या सातारा-सांगलीच्या कृष्णेतला एखादा मासा ओळखून दाखवा म्हटलं, तर आपल्यातले बहुतेक जण गप्प!

तर आज आपल्या माशाची गोष्ट. विल्यम साइक्स हा मुंबई सरकारच्या नोकरीतला लष्करी अधिकारी. दख्खनची आकडेवारी गोळा करायला फिरताना त्याने नद्यांतले मासेही तपासले. १८३९ साली त्याचं वर्णन छापून आलं. गंमत म्हणजे शास्त्रीय नावांत त्याने इथली बोलीतली नावं तशीच ठेवली: नुक्ता, कोलूस, खुद्री. यातला खुद्री म्हणजे दख्खनचा महाशीर, आजचं नाव 'टॉर खुद्री'.

हा वाहत्या पाण्याचा मासा. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढायचं आणि गोट्या-खडीच्या स्वच्छ तळावर अंडी घालायची, हा त्याचा नेम. १९६० च्या दशकात कोयनेवर धरण उभं राहिलं, पुढे वाईजवळ धोमचं. आपल्याला वीज मिळाली, ऊस पिकला. पण धरणाची भिंत काही मासा चढत नाही.

मग उपाय निघाला. टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून लोणावळ्यात महाशीरची कृत्रिम पैदास केली. पिल्लं लाखांनी तयार झाली आणि इतर राज्यांतल्या नद्यांतही सोडली गेली. टाकीतला प्रयोग पास!

पण कावेरीत आधीपासून तिचा स्वतःचा महाशीर होता, पाठीला कुबड असलेला. बाहेरून आलेला खुद्री तिथे वाढत गेला आणि कुबडवाला घटत गेला. त्या बिचाऱ्याचं शास्त्रीय नाव, 'टॉर रेमादेवी', नक्की व्हायलाच २०१८ उजाडलं. त्याच वर्षी लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला. खुद्री मात्र 'संकटग्रस्त' मधून निघून थेट 'चिंता नको' च्या रकान्यात!

आमच्या भाषेत सांगायचं तर, एका सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम न तपासता दुसऱ्यावर टाकला. फरक इतकाच, की नदीला 'अनडू' नसतं.

मासा टाकीत वाढवता येतो, मग तो निमो असो की खुद्री. नदी नाही वाढवता येत. त्यामुळे कृष्णेतला खुद्री वाचवायचा तर आधी कृष्णेचं पाणी वाहतं आणि स्वच्छ ठेवावं लागेल. नुसती पिल्लं मोजून भागणार नाही.