वलगणीचे मासे आणि रात्रीचा उजेड : काय धरावे, काय सोडावे?

जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस पडून ओहोळांना लोंढा आला की पनवेल, पेण, कर्जत भागात रात्री बांधाबांधावर बॅटऱ्या चमकू लागतात. ही वलगणीच्या माशांची धामधूम. दक्षिण कोकणात यांनाच चढणीचे मासे म्हणतात. पूर्वी हातात पलिता किंवा गॅसबत्ती असे, आता डोक्याला बांधायची एलईडी बॅटरी असते. उजेड कितीतरी पटींनी वाढला आहे. पण वलगणीला सापडणारा मासा बहुधा अंड्यावरचा असतो, आणि तो सगळा धरला तर पुढच्या वर्षी ओहोळात चढायला मासा उरत नाही. म्हणून उजेडाचा उपयोग जास्त मासे धरण्यासाठी न करता नीट निवड करण्यासाठी कसा करावा, याची माहिती येथे दिली आहे.

मासा वर का चढतो?

उन्हाळ्यात शिंगटी, मरळ, वाम, खवल असे मासे नदीच्या डोहांत किंवा तळ्यांत राहतात. पनवेल परिसरात गाढी, काळुंद्री आणि पाताळगंगा या नद्यांना जोडलेले अनेक ओहोळ आहेत. पहिला लोंढा आला की मासे उलट्या पाण्याने या ओहोळांतून भातखाचरांकडे जातात. नुकत्याच भरलेल्या खाचरात पाणी उथळ आणि कोमट असते, सूक्ष्म जीव भरपूर असतात आणि मोठे शिकारी मासे कमी असतात. अंडी घालायला आणि पिल्ले वाढायला यासारखी जागा नाही. पाऊस ओसरू लागला की पिल्ले खाचराच्या मोऱ्यांतून पुन्हा ओहोळात आणि नदीत उतरतात. म्हणजे तुमचे भाताचे खाचर हे माशांचे बाळंतघरही आहे.

जातीनुसार एका मादीच्या पोटात काही हजारांपासून लाखभरापर्यंत अंडी असतात. त्यातली थोडीच जगतात. तरी अंडी घालण्याआधी मादी धरली, तर त्या जेवणाची किंमत पुढची पूर्ण पिढी असते.

उजेडाने नेमके काय होते?

समुद्राच्या स्वच्छ पाण्यात दिव्याभोवती सूक्ष्म जीव जमतात, त्यांच्यामागे लहान मासे आणि लहान माशांच्या मागे मोठे मासे येतात. अंधाऱ्या रात्री, विशेषतः अमावास्येच्या आसपास, हा परिणाम जास्त दिसतो.

वलगणीत असे होत नाही. पाणी गढूळ असल्याने उजेड फार खोल जात नाही, आणि मासा दिव्याकडे येत नसून पाण्याच्या ओढीने वर जात असतो. येथे बॅटरीने फक्त उथळ पाण्यातला मासा आपल्याला दिसतो. पनवेलच्या गढूळ खाडीतही दिवा लावून मासा गोळा होईल अशी अपेक्षा ठेवू नये. तेथे दिव्याचा खरा उपयोग जाळे, होडी आणि पाऊलवाट दिसण्यापुरता आहे.

म्हणून प्रखर झोताची गरज नाही. चार-पाच हातांवरचे स्पष्ट दिसेल एवढी बॅटरी पुरते.

बॅटरीच्या उजेडात काय तपासावे?

* अंड्यावरची मादी : पोट फुगलेले व मऊ लागते आणि गुदद्वाराजवळचा भाग लालसर दिसतो. अशी मादी ओल्या हाताने धरून ज्या दिशेने ती चालली होती त्याच बाजूला, म्हणजे वरच्या पाण्यात सोडा.
* मरळ : नर-मादी दोघेही पिल्लांची राखण करतात. पाण्याच्या वरच्या थरात लालसर पिल्लांचा थवा दिसला तर आई-बाप जवळच असतात. त्यांना धरले तर थवा इतर माशांचे भक्ष्य होतो. अशी जोडी धरू नका.
* मुठे (शेतातले खेकडे) : खेकडा उलटा करून पोटावरची झडप पाहा. झडप अरुंद असेल तर नर, रुंद व गोल असेल तर मादी. मादीच्या झडपेखाली अंडी किंवा बारीक पिल्ले असतील तर तिला सोडून द्या.
* जिताडा : खारजमिनीतील उघाडीजवळ बॅटरी मारली की त्याचे डोळे चमकतात. जिताडा आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. लहान जिताडा खाण्यासाठी धरण्यापेक्षा शेततळ्यात वाढवणे फायद्याचे. मात्र तो आपल्याच जातीची लहान पिल्ले खातो, म्हणून तळ्यात सारख्या आकाराचीच पिल्ले सोडा.
* कासव व मोठा बेडूक : दोन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, त्यांना धरू नका. शिवाय बेडूक भातावरील किडी खातो.

धरण्याची पद्धत

१. पहिल्या लोंढ्यानंतर तीन-चार रात्री मासेमारी थांबवा. या काळात अंड्यावरचे मासे सर्वाधिक चढतात.
२. ओहोळाचे पूर्ण तोंड जाळ्याने किंवा सापळ्याने अडवू नका. किमान अर्धी रुंदी मोकळी ठेवा.
३. बारीक आसाचे जाळे वापरू नका. पागात आलेले बारीक मासे तेथेच सोडा.
४. कोयत्याने मासा मारू नका. वार झाल्यावर मादी आहे हे कळले तरी उपयोग नसतो, आणि अंधारात स्वतःच्या पायावर वार बसण्याचा धोका असतो.
५. पाण्यात विष किंवा स्फोटके टाकणे कायद्याने गुन्हा आहे. विजेचा प्रवाह सोडणे माशांसाठी आणि माणसांसाठीही जीवघेणे आहे.
६. तळोजा औद्योगिक परिसरातून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला आहे. अशा पाण्यातील मासे खाऊ नयेत.

स्वतःची काळजी

* घरातून किंवा पंपाच्या जोडणीवरून वायर ओढून पाण्याजवळ दिवा लावू नका. बॅटरीवर चालणारा दिवाच वापरा.
* गॅसबत्तीच्या तापलेल्या काचेवर पावसाचे पाणी पडले तर काच तडकते.
* पावसाळ्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसे बांधावर असतात. गमबूट घाला. बिळात हात घालू नका. साप चावल्यास चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. १०८ वर फोन करून रुग्णाला थेट सरकारी रुग्णालयात न्या.
* पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. नंतर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'शेतातल्या पाण्यात उतरलो होतो' असे आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसचे निदान लवकर होण्यास त्याने मदत होते.
* एकट्याने जाऊ नका. वरच्या भागात विजा किंवा जोराचा पाऊस असेल तर ओहोळातून लगेच बाहेर या.

समुद्रातील एलईडी मासेमारी : कायदा काय सांगतो?

उरण, करंजा भागातील मच्छीमारांनी हे लक्षात ठेवावे. जनरेटरवरील प्रखर दिव्यांनी दूरवरचे मासे, पिल्लांसह, एका जागी गोळा होतात आणि मोठ्या जाळ्यात एकदम उचलले जातात. त्यामुळे लहान होडीवाल्याला मासा उरत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांनी मासेमारी करण्यास बंदी घातली. राज्याच्या १२ सागरी मैलांच्या हद्दीत महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू आहे. २०२१ मधील सुधारणेनंतर एलईडी मासेमारीसाठी ५ ते २० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

उजेडाचा चांगला उपयोग

शेततळ्यात मासे असतील तर संध्याकाळी सात ते दहा या वेळेत पाण्यापासून एक-दोन फूट उंचीवर सौर दिवा टांगा. भातावरील खोडकिड्याचे पतंग आणि इतर कीटक दिव्याकडे येतात, पाण्यात पडतात आणि माशांना आयते खाद्य मिळते. जवळच्या शेतात नुकतीच कीटकनाशक फवारणी झाली असेल तर काही दिवस दिवा बंद ठेवा.

कृषी सहायक व गटांसाठी

मे महिन्याच्या ग्रामसभेतच हा विषय घ्या. गावातला एक ओहोळ 'राखीव' ठरवून त्यात वलगणीला कोणी उतरायचे नाही, एवढा एक निर्णय झाला तरी पुरे. बंदी लादण्यापेक्षा लोकांना मादी ओळखायला शिकवा. मादी हातात धरून दाखवली, तिच्या पोटातली अंडी समजावली, की पुढच्या वेळी बॅटरीच्या उजेडात ती पाण्यात परत सोडणारे हात वाढतील.